मोफत अहवाल आणि मुक्त अहवाल: फरक नेमका कुठे पडतो

महापालिकेच्या संकेतस्थळावरचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत. मग त्यातलं ठाणे खाडीवरचं प्रकरण सोपं करून आपल्या पुस्तिकेत छापलं तर चालतं का? एखाद्या संस्थेचा इंग्रजी अहवाल व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्याचं मराठी करून दिवाळे कोळीवाड्यात वाटलं तर? ‘सगळ्यांसाठीच तर ठेवलाय’ असं म्हणून बहुतेक जण पुढे जातात. पण अहवाल मोफत असणं आणि मुक्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वस्तीपातळीवरच्या कामात हा फरक फार लवकर आडवा येतो.

मोफत अहवालात वाचणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत, एवढंच. मुक्त अहवालात प्रत काढायची, वाटायची, भाषांतर करायचं, भर घालून पुन्हा प्रसिद्ध करायचं, याची परवानगी हक्कदाराने आधीच, सर्वांना, लेखी देऊन ठेवलेली असते. 14 फेब्रुवारी 2002 च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात संशोधनलेखांसाठी हीच भूमिका मांडली गेली: लेखकाला श्रेय मिळावं आणि त्याच्या लेखनाची मोडतोड होऊ नये, एवढंच बंधन, बाकी वापराला आडकाठी नको.

परवानगी लेखीच का लागते, याचं उत्तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यात आहे. भारतात कॉपीराइटसाठी नोंदणी करावी लागत नाही. अहवाल लिहून झाला की हक्क आपोआप तयार होतो, पानावर तशी खूण असो वा नसो. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं तो टिकतो. सरकारी प्रकाशनांसाठी प्रसिद्धीपासून 60 वर्षं. म्हणजे अहवालावर काहीच लिहिलेलं नसेल, तर ‘सर्व हक्क राखीव’ असंच समजायचं. गप्प असलेला अहवाल मोफत असतो, मुक्त नसतो.

कायद्याने काही वाटा ठेवल्या आहेत. स्वतःच्या अभ्यासासाठी, टीका-समीक्षेसाठी, चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी योग्य प्रमाणात वापर चालतो. राजपत्रातला मजकूर आणि न्यायालयांचे निकाल साधारणपणे पुन्हा छापता येतात. सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल विधिमंडळाच्या पटलावर ठेवला गेला असेल, तर तोही, सरकारने मनाई केली नसेल तोवर, छापता येतो. मात्र महापालिकेच्या महासभेपुढे ठेवलेला अहवाल याच सवलतीत बसतो असं धरून चालू नये. कायद्यात शब्द विधिमंडळाचा आहे. आणि नुसत्या तथ्यांवर कुणाची मालकी नसते. खाडीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती होता, हा आकडा स्रोत सांगून तुमच्या वाक्यात मांडायला कुणाची परवानगी नको. परवानगी लागते ती त्या अहवालाची वाक्यं, आलेख, नकाशे, छायाचित्रं जशीच्या तशी उचलायला.

माहितीच्या अधिकारात मिळालेल्या कागदांबद्दलही असाच गैरसमज असतो. दहा रुपयांचा अर्ज केला, पानाला दोन रुपये भरले, प्रती हातात आल्या, म्हणजे त्या आता आपल्या. तो कायदा तुम्हाला माहिती मिळवून देतो. प्रकल्प सल्लागाराने केलेल्या नकाशाचा कॉपीराइट तुमच्या नावावर करून देत नाही. त्या कागदांच्या आधारे प्रश्न विचारा, लेख लिहा, आकडे मांडा. अख्खा सल्लागार-अहवाल पुस्तक करून विकायला काढणं ही वेगळी बाब.

मोफत आणि मुक्त यांच्या मध्ये आणखी एक प्रकार आहे: कुणीतरी आपल्या वतीने पैसे भरलेले असणं. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही केंद्र सरकारची योजना नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झाली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. तिचा लाभ सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना, संशोधकांना मिळतो. त्यांना लेख फुकट उघडतो, म्हणून तो मुक्त वाटतो. पण त्यांनी तोच दुवा दिघ्यातल्या पाणीप्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्याला पाठवला की समोर पैसे मागणारं पान येतं. 2020 मध्ये अनेक प्रकाशकांनी कोविडवरचे लेख वाचायला खुले केले, तेही महासाथीपुरते. मोफतपणा देणाऱ्याच्या हातात राहतो. परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, आणि विसंबून राहता येतं ते त्याच्यावरच.

हा परवाना बहुतेक वेळा क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे तयार सार्वजनिक परवाने पुरवणाऱ्या संस्थेचा, असतो. सध्याची आवृत्ती 4.0, 2013 मधली. एकूण सहा परवाने, पण त्यांतले दोनच खऱ्या अर्थाने मुक्त. इथे संस्थांची सर्वांत जास्त गफलत होते. ‘सीसी बाय’ म्हणजे श्रेय द्या आणि काहीही करा. ‘एसए’ जोडलं तर तुमच्या अहवालावरून केलेलं नवं काम त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. ‘एनसी’ व्यापारी वापर अडवतं. ‘एनडी’ बदललेली प्रत वाटायला मनाई करतं. ‘एनसी’ किंवा ‘एनडी’ असलेल्या परवान्याला काटेकोर अर्थाने मुक्त म्हणत नाहीत.

सावध संस्था ‘बाय-एनसी-एनडी’ निवडतात, कारण तो सर्वांत सुरक्षित वाटतो. आपल्याकडे त्याचा परिणाम काय होतो ते पाहा. समजा, ऐरोलीत काम करणाऱ्या एका गटाने खाडीतल्या मासेमारीवर 40 पानांचा इंग्रजी अहवाल केला. ज्यांच्या जाळ्यांबद्दल, होड्यांबद्दल, घटलेल्या मिळकतीबद्दल तो आहे, त्यांच्यापर्यंत तो मराठीतूनच पोचणार. भाषांतर हे कायद्याच्या दृष्टीने बदललेली प्रत ठरतं. म्हणजे ‘एनडी’ लावलेल्या अहवालाचं मराठी स्वतःच्या वहीत करता येईल, पण वाटता येणार नाही. आठ पानांचा सारांश, शाळेसाठी भित्तिपत्रक, वाचून ध्वनिमुद्रित केलेलं संक्षिप्त रूप, प्रत्येक वेळी परवानगी मागावी लागणार. मराठीत पुढे नेता येणार नसेल, तर अशा अहवालाचा शहराला निम्मासुद्धा उपयोग नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘एनसी’चा त्रास जरा कमी दिसतो, पण असतो. जाहिराती घेणारं स्थानिक साप्ताहिक व्यापारी की नाही? छपाईचा खर्च भरून काढायला वीस रुपये किंमत लावलेली पुस्तिका? सीमारेषा धूसर असल्याने प्रामाणिक माणूस हात आखडता घेतो, आणि ज्याला ढापायचंच आहे तो परवाना वाचत नाही. शिवाय विकिमीडिया कॉमन्सवर ‘एनसी’ किंवा ‘एनडी’ साहित्य चालत नाही. तुमचा खारफुटीचा नकाशा मराठी विकिपीडियाच्या लेखात वापरायचा म्हटलं तर तिथेच अडतो. अहवालाच्या मजकुरासाठी ‘सीसी बाय’ घ्या. कुणी आपलं काम उचलून पुन्हा बंदिस्त करील अशी धास्ती असेल तर ‘बाय-एसए’. नुसत्या आकड्यांच्या तक्त्यांना ‘सीसी झीरो’, म्हणजे सगळे हक्क सोडून दिल्याची घोषणा, पुरतं.

केंद्र सरकारच्या मुक्त विदा (डेटा) संकेतस्थळावरच्या तक्त्यांसाठी 2017 चा वेगळा सरकारी परवाना आहे. स्रोताचा उल्लेख केला की ते वापरता, बदलता येतात, व्यापारासाठीसुद्धा. व्यक्तिगत माहिती आणि सरकारी बोधचिन्हं त्यातून वगळलेली आहेत. सरकारी माहिती कायद्याच्या चौकटीत राहून मुक्त करता येते, हे त्यातून दिसतं. म्हणूनच महापालिकांकडे तशीच मागणी करणं रास्त आहे.

परवाना लावण्याआधी एक तपासणी टाळता येत नाही: जे देताय ते तुमचं आहे का? नोकरीत असताना केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा. देणगीदाराने अहवालाचा हक्क आपल्याकडे ठेवल्याचं कलम करारात असू शकतं. ते पहिल्या हप्त्याआधी वाचायचं, अहवाल छापून आल्यावर नाही. वर्तमानपत्रातून घेतलेला फोटो तुमच्या परवान्याखाली येत नाही. गूगल नकाशाचा पडद्यावरून घेतलेला तुकडाही नाही. त्याऐवजी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला मुक्त नकाशा वापरा आणि नकाशाखालीच ‘ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ असा उल्लेख करा. जे दुसऱ्याचं राहिलंय, त्याखाली ‘हे छायाचित्र परवान्यातून वगळलेलं आहे’ असं लिहा.

मग दुसऱ्या पानावर साध्या मराठीत एक वाक्य: ‘हा अहवाल क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश 4.0 आंतरराष्ट्रीय परवान्याखाली प्रसिद्ध केला आहे. श्रेय देऊन तो वाटता, भाषांतरित करता आणि बदलता येईल’, आणि परवान्याचा दुवा. श्रेय कसं हवं तेही तिथेच सांगा: शीर्षक, लेखक, मूळ दुवा, परवाना. हे पान नसलेली पीडीएफ संकेतस्थळापासून सुटून फिरायला लागली की तिचा मुक्तपणा वाचणाऱ्याला कळत नाही.

कागदोपत्री मुक्त आणि हाताळायला बंद, असेही अहवाल असतात. मराठीत त्याचं मुख्य कारण फॉन्ट. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली पीडीएफ पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते. त्यातला परिच्छेद उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवला की रोमन अक्षरांचा चिवडा येतो. असा मजकूर शोधयंत्राला सापडत नाही आणि अंध वाचकाच्या पडदावाचकाला वाचता येत नाही. छापखान्यात पाठवण्याआधी हीच चाचणी करा: कोणताही एक परिच्छेद कॉपी करून मोबाइलवर चिकटवा. चिवडा आला तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतात, आणा. युनिकोड पीडीएफमधूनही कधी कधी जोडाक्षरं तुटून येतात, म्हणून सोबत मूळ वर्ड फाइलही द्या. तक्ते चित्ररूपात नकोत. एक्सेलमधून सीएसव्ही (तक्त्याची साध्या मजकुरातली फाइल) काढताना ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हाच प्रकार निवडा, नाहीतर देवनागरी रकान्यांत प्रश्नचिन्हं उरतात.

ठेवायचं कुठे? गूगल ड्राइव्हचा दुवा सोपा, पण तो एका कार्यकर्त्याच्या खात्यावर उभा असतो. त्याने संस्था सोडली, किंवा खातं दोन वर्षं वापरलं नाही, तर गूगल ते मिटवू शकतं. संस्थेचं संकेतस्थळ नव्याने बांधलं की जुने पत्ते मोडतात. म्हणून अहवाल कायमचे जपणारं ऑनलाइन भांडार हवं. झेनोडो हे सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने 2013 पासून चालवलेलं भांडार मोफत आहे. एका नोंदीत 100 फाइलींपर्यंत आणि 50 जीबीपर्यंत जागा मिळते. खातं काढा, नवी नोंद सुरू करा आणि सर्वांत आधी डीओआय (दस्तऐवजाचा कायमचा ओळख क्रमांक) राखून ठेवा, म्हणजे तो क्रमांक अहवालाच्या दुसऱ्या पानावर छापता येतो. नंतर फाइली चढवा, प्रकार ‘रिपोर्ट’, भाषा मराठी, वर्णन मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. वर्णनात ठाणे, दिवा, तुर्भे अशी ठिकाणांची नावं घाला, कारण लोक शोधतात ती नावंच. परवाना आपोआप भरलेला दिसला तरी तपासा. अहवालात एक आणि नोंदीत दुसरा, ही चूक नेहमीची. प्रसिद्ध केल्यावर चूक सापडली तर नवी आवृत्ती चढवा. प्रत्येक आवृत्तीला स्वतःचा डीओआय मिळतो आणि सर्व आवृत्त्यांचा मिळून एक सामायिक असतो. पत्रव्यवहारात सामायिक द्यावा, आकडा उद्धृत करताना त्या आवृत्तीचा.

सगळंच मुक्त करायचं नसतं. अहवाल मुक्त ठेवावा. घरोघरच्या पाहणीच्या कच्च्या नोंदी तशा सोडू नयेत. नाव आणि फोन काढले म्हणजे माणूस ओळखू येत नाही, असं नाही. पाच घरांच्या गल्लीतली 65 वर्षांची एकटी राहणारी बाई वय आणि गल्लीवरूनच कळते. जिथे पाचांपेक्षा कमी माणसं एका खान्यात येतात, तिथे वयोगट मोठे करा किंवा दोन गल्ल्या एकत्र करा. जीपीएसचा आकडा चौथ्या दशांशापर्यंत ठेवला तर सुमारे 11 मीटरची अचूकता राहते, म्हणजे घर सापडतं. तिसऱ्यापर्यंत साधारण 110 मीटर, दुसऱ्यापर्यंत किलोमीटरभर. विस्थापनाच्या टांगत्या तलवारीखालच्या वस्तीसाठी दोनच दशांश ठेवावेत. मोबाइलच्या फोटोत ठिकाण दडलेलं असतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते गळून पडतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसंच राहतं. आणि पाहणीच्या वेळी संमती घेतानाच ‘निष्कर्ष सर्वांसाठी प्रसिद्ध होतील’ हे वाक्य मराठीत वाचून दाखवलेलं असावं.

हाती आलेला अहवाल फक्त मोफत निघाला, तर त्याच्या लेखकाला किंवा कार्यालयाला पत्र लिहा. त्यात ‘वापरू का?’ एवढंच विचारलं की उत्तरही मोघम येतं. कोणती पानं, कोणत्या भाषेत, किती प्रती, कुठे वाटणार, किंमत किती, श्रेय कोणत्या शब्दांत देणार, हे सगळं लिहा आणि शेवटी विचारा: ‘हा अहवाल सीसी बाय 4.0 परवान्याखाली प्रसिद्ध करण्यास आपली संमती आहे का?’ पुष्कळ वेळा लेखकांची हरकत नसते. त्यांना परवान्याचा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. होकार आला तर पत्र जपून ठेवा, आणि त्यांना मूळ फाइलमध्येच परवान्याचं वाक्य घालायला सांगा, म्हणजे पुढच्या माणसाला हेच पत्र पुन्हा लिहावं लागणार नाही.