"काहून बाबू, रंग संपले काय?" : एकरंगी पोर्ट्रेटची मागची गोष्ट

मे महिन्यात नागपूरच्या धंतोलीतल्या घरी कूलरसमोर बसून आजीचं पोर्ट्रेट करत होतो, फक्त काळा न् पांढरा, दोन इंची चपटा ब्रश, तर आजीच मागून येऊन म्हणते, "काहून बाबू, रंग संपले काय?" तिचं चुकलं नाही, कारण शेकडो वर्षं असं चित्र अर्धंच समजलं जायचं.

युरोपात याला ग्रिझाय म्हणतात, फ्रेंच 'ग्री' म्हणजे करडा. इटालियन चित्रकार जोत्तोने १३०५ च्या आसपास इटलीतल्या पादुआच्या चॅपलमध्ये सद्गुण-दुर्गुण माणसांच्या रूपात असे करड्यात रंगवले, पण ते दगडी मूर्ती वाटाव्या म्हणून. एरवी बहुतेकदा करडा थर खालचाच, आधी उजेड-सावली पक्की करायची, वाळली की वरून पातळ रंग चढवायचा. आज आपण ज्याला फायनल म्हणतो ते तेव्हा गाडलंच जायचं.

ब्रशचे फटके दिसू द्यायचे हे मात्र माझ्या मते नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या फ्रान्स हाल्स या चित्रकाराकडून घ्यावं (१७ वं शतक). त्याची चित्रं रंगीतच, पण गिऱ्हाईकं बरीचशी काळ्या कपड्यातली, त्यामुळे काळ्यातच त्याचा हात बसला. बाही जवळून बघाल तर नुसते आडवेतिडवे ओरखडे, चार पावलं मागे सरकलं की रेशीम! व्हॅन गॉगने १८८५ मध्ये भावाला लिहिलं की हाल्सकडे काळ्याच्या सत्तावीस छटा आहेत. त्याआधी १८८० मध्ये अमेरिकन पोर्ट्रेटकार सार्जंट तर हार्लेमला जाऊन हाल्सच्या चित्रांच्या कॉप्या करून आला होता.

चीनमध्ये हा प्रश्नच नव्हता, तेराव्या शतकात लियांग काई या चित्रकाराने कवी ली बाई शाईच्या मोजक्या फटक्यात उभा केला, अंगरखा तर चार-पाच रेघांतच.

आपल्याकडे डोळ्याला सवय लावली ती कॅमेऱ्याने. १८३९ ला फोटोग्राफी जाहीर झाली, मग हळूहळू घरोघरी काळे-पांढरे चेहरे भिंतीवर चढले, आमच्या आजोबांचा हार घातलेला फोटो पण तसाच, त्याला आजी काही विचारत नाही! हुबेहूब काढायचं काम कॅमेऱ्याने उचललं तसा ब्रशही मोकळा सुटला, १९३७ मध्ये पिकासोने साडेतीन मीटर उंचीचं गेर्निका हे युद्धविरोधी चित्र काळ्या-करड्यातच केलं. नागपुरात चित्रकार भाऊ समर्थांची रेखाचित्रं आहेतच.

तेलरंगातला काळा वाळायला दिवस घेतो. आपल्या मे मधला अॅक्रिलिक मिनिटात कडक होतो, गालावरचा फटका चुकला की पुसायची सोय नाही, आजीच्या नाकाशेजारी तो तसाच राहिलाय.