ट्रायल्सचे खडक: स्कॉटलंड आणि यॉर्कशरमधील पार्श्वभूमी

मोटरसायकल ट्रायल्समध्ये चढाओढ सहसा वेगाची नसते. आखून दिलेला अवघड टप्पा, म्हणजे सेक्शन, जमिनीला पाय न लावता पार करायचा असतो. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, गाडी पडली तर पाच. हे सेक्शन आता ओढ्यातल्या धोंड्यांवर किंवा उघड्या कातळावर आखतात, पण आरंभी खडक शोधण्याची गरजच नव्हती. स्कॉटलंडमध्ये १९०९ साली भरलेली पाच दिवसांची चाचणी १९११ मध्ये सहा दिवसांची झाली, तेव्हा डोंगरातले कच्चे, चढाचे रस्तेच गाड्यांचा कस पाहायला पुरेसे होते.

रस्ते आणि गाड्या दोन्ही सुधारत गेल्यावर मात्र आयोजकांना वाट सोडावी लागली. इंग्लंडमधील यॉर्कशरमध्ये हे आधीच घडले होते: मोटरसायकल उत्पादक आल्फ्रेड स्कॉट यांनी १९१४ मध्ये शिपलीच्या आपल्या कारखान्यातील कामगारांना डेल्स या दऱ्यांच्या प्रदेशातून बर्नसॉल गावापर्यंत गाड्या नेण्याचे आव्हान दिले. त्यातून उभी राहिलेली स्कॉट ट्रायल पुढे स्वेलडेलच्या माळांवर स्थिरावली. इतर ट्रायल्सहून वेगळेपणाने तिच्यात वेळही मोजतात.

खरा पालट १९६० च्या दशकातला. ट्रायल्सपटू सॅमी मिलर यांनी एरियल कंपनीची पाचशे सीसीची गाडी सोडून स्पेनच्या बुल्टाको कंपनीसाठी शेर्पा ही हलकी टू-स्ट्रोक गाडी विकसित केली आणि १९६५ ची स्कॉटिश स्पर्धा तिच्यावर जिंकली. जड गाड्या अडत तिथे ही चढू लागली, तसे सेक्शन अधिक उंच धोंड्यांकडे सरकले. पहिले जागतिक विजेतेपदही (१९७५) मार्टिन लॅम्पकिन यांनी बुल्टाकोवरच मिळवले.

स्कॉटलंडमधील किनलॉकलीव्हन गावचा ‘पाइपलाइन’ हा चढ मात्र निव्वळ निसर्गाचा नव्हे. २००० मध्ये बंद झालेल्या अॅल्युमिनियम कारखान्याच्या विजेसाठी पाणी आणायला टाकलेल्या नळांच्या कडेने तो वर जातो. त्यावरचे दगड पायाखाली सरकतात. मागच्या टायरमध्ये जेमतेम ४-५ पीएसआय हवा ठेवल्याने रबर दगडावर पसरते, तेवढाच काय तो आधार.

तरीही खडक दिसला म्हणजे मिळाला असे नाही. माळरानावर किंवा सामाईक जमिनीवर परवानगीवाचून मोटार वाहन नेण्यास ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्यापासून बंदी आहे. त्यामुळे मार्ग जमीनमालकांच्या संमतीवर ठरतो. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने डोंगरांत मुक्त संचाराचा हक्क दिला, पण तो पायी, सायकलने किंवा घोड्यावरून जाणाऱ्यांपुरताच.