शेवळांसोबतची काकडं टाकून देऊ नका

आम्ही रानभाज्या विकतो, त्यातलीच एक शेवळं. पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे हमखास फोन येतो, "तुमच्या शेवळांनी घसा खाजला." चौकशी केली की कळतं, जुडीसोबत दिलेली छोटी हिरवी फळं कुणीतरी कचऱ्यात टाकली. ती काकडं. त्यांच्याशिवाय शेवळं शिजवायची नसतात.

शेवळं सुरणाच्या कुळातली. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच जिभेला नि घशाला टोचतात. पाण्यात ते विरघळत नाहीत, म्हणून कुकरच्या कितीही शिट्ट्या काढल्या तरी खाज राहू शकते. आपल्याकडे त्यावर पिढ्यान्‌पिढ्या काकडाचा आंबट रस वापरतात. काकडं संपलीच तर चिंचेचा दाट कोळ चालतो, पण चव तीच येत नाही.

हाताला तेल लावून वरची पानं सोला. आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग पूर्ण काढून टाका. खाज सगळ्यात जास्त तिथेच असते. उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परता. काकडं ठेचून बिया काढा, गर वाटून गाळा आणि तो रस घालून भाजी मऊ शिजवा. मग वाल घाला, सोडे घाला किंवा कोळंबी. अर्धवट शिजलेली भाजी चाखून बघू नका.

शेवळं चिरून, साफ करून द्या, असं बरेच जण सुचवतात. आम्ही देत नाही. चिरलेली शेवळं लवकर काळी पडतात, आणि पिवळा भाग नीट निघालाय की नाही हे ज्याला खायचंय त्यानेच पाहिलेलं बरं. काकडांशिवाय जुडीही आम्ही विकत नाही. शेवळं खुडणाऱ्या बायका कंद जमिनीतच ठेवतात, म्हणून पुढच्या वर्षीही तिथे शेवळं मिळतात.

रानभाज्या औषधी का, असंही विचारतात. भारंगी खोकल्यावर, टाकळा त्वचेच्या तक्रारींवर वापरायची जुनी रीत आहे. पण आम्ही भाजी विकतो, चालू गोळ्या तिच्या भरवशावर बंद करू नका. मुतखड्याचा त्रास असेल तर शेवळं घेऊच नका.

शेवळांचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, तेव्हा जुडी आदल्या दिवशी सांगून ठेवा. त्यानंतर टाकळा, कुर्डू, भारंगी येतील, मग करटोली. करटोलींना काकडं लागत नाहीत. कोवळी असली तर बियांसकट चिरा.