उर्वरित महाराष्ट्र: कोण कुणाला का नावं ठेवतं त्याची पार्श्वभूमी

पुण्याला शिकायला गेलो तेव्हा हॉस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात मी रूममध्ये कायतरी सांगत होतो, "मी काल मंडईत गेलो आणि..." तर दोघी तिघी हसायलाच लागल्या. "गेलो काय गं, गेले म्हण, मुलगी आहेस ना?" मला आधी कळेचना चुकलं कुठं. कोल्हापुरात आई, मावशी, शेजारच्या काकू सगळ्या मी आलो, मी जेवलो असंच म्हणतात, त्यात पुरुषी कायतरी असतं हे मला पुण्यात कळलं. त्याच रूममध्ये एक अकोल्याची होती, ती "करून राहिली" म्हणाली की हशा, आणि एक लातूरची होती तिला "आज अंघोळीला पाणी आलं का गं गावाकडं" असं विचारायचे, प्रेमानंच म्हणे. खरं सांगायचं तर त्या लातूरच्या पोरीला मी पण हसलोय. म्हणून हे लिहायला घेतलं. मी आजपण गेलोच म्हणतो, त्यामुळं खाली वाचताना दचकू नका.

तर पहिली गोष्ट, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या आधी शंभर सव्वाशे वर्षं ही माणसं कुणाच्या राज्यात राहत होती ते कुणी बघत नाही. पुणे, सातारा, कोकण, खानदेश मुंबई इलाख्यात, म्हणजे थेट इंग्रजाखाली. मराठवाडा निजामाकडं. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ ला खालसा झालं, वऱ्हाड १८५३ ला निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १९०३ ला मध्य प्रांताला जोडलं, म्हणजे त्यांचा कारभार जबलपूर रायपूरबरोबर. आणि कोल्हापूर संस्थान, स्वतःचा राजा, स्वतःचं दफ्तर, ते मुंबई राज्यात आलं १ मार्च १९४९ ला. शेतसारा वेगळा, शाळेची भाषा वेगळी, साहेब वेगळा, कोर्ट वेगळं. भाषा एक म्हणून एकत्र आलो हे खरंच आहे, पण सवयी चार पाच सरकारांच्या होत्या आणि त्या सवयींनाच आपण आता स्वभाव म्हणतो. अमका आळशी, तमका माजोरडा, हा भांडखोर, तो चिक्कू.

कोल्हापूर आणि पुण्याचं तर त्याच्याही आधीपासून आहे. छत्रपतींच्या दोन गाद्या झाल्या, सातारा आणि कोल्हापूर, १७३१ ला वारणेचा तह झाला आणि हद्द ठरली. साताऱ्याचा कारभार पुढं पेशव्यांकडं म्हणजे पुण्याकडं गेला आणि कोल्हापूरकरांनी पुढची कित्येक वर्षं पेशव्यांच्या पटवर्धन सरदारांशी लढण्यात घालवली, म्हणजे मिरज सांगलीशी, जिथं आता आम्ही अर्ध्या तासाला सुटणाऱ्या गाडीनं लग्नाला जातो. मग १८९९ ला वेदोक्त प्रकरण झालं. पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाला पुरोहितानं पुराणोक्त म्हणजे पुराणांतले मंत्र म्हटले, महाराजांना वेदोक्ताचा, म्हणजे वेदातल्या मंत्रांचा, अधिकारच नाही म्हणून. राजाला शूद्र ठरवलं, सरळ अर्थ हाच. पुण्यातला जुन्या मताचा वर्ग त्या वादात महाराजांच्या विरोधात उभा राहिला. त्यानंतर २६ जुलै १९०२ ला महाराजांनी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९२० ला माणगावच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. आता "पुणेकर शहाणे" आणि "कोल्हापूरकर रांगडे" हे जोक सगळे दुपारी दुकान बंद आणि तांबड्या पांढऱ्या रश्श्यावर येऊन थांबतात, पण त्याच्या बुडाशी जात आहे, ती जोकमध्ये दिसत नाही एवढंच. रांगडा हा शब्द आम्ही टीशर्टवर छापून मिरवतो, तो आम्हाला कुणी आणि कुठल्या अर्थानं दिला होता हे विसरून.

विदर्भाचं दुखणं वेगळं. नागपूर ही राजधानी होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, नंतर मध्य प्रदेशची, १९५६ पर्यंत. तिथं विधानसभा होती, १९३६ पासून स्वतःचं हायकोर्ट होतं, १९२३ पासून विद्यापीठ होतं. पुणे विद्यापीठ १९४९ चं, आमचं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, म्हणजे बघा. कापसामुळं पैसा होता, टाटांची एम्प्रेस मिल नागपूरला १८७७ ला सुरू झाली. अशी राजधानी एका रात्रीत जिल्ह्याचं ठिकाण झाली. राज्यांची पुनर्रचना ठरवणाऱ्या फाजल अली आयोगानं १९५५ ला वेगळा विदर्भ करा असंच सांगितलं होतं, विदर्भातले नेते लोकनायक बापूजी अणे तेच म्हणत होते. त्याच्या आधी २८ सप्टेंबर १९५३ ला मराठी मुलूख एक करण्यासाठी नेत्यांचा नागपूर करार झाला होता, यशवंतराव चव्हाणांची त्यावर सही आहे, त्यात लिहिलंय की लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा आणि नोकऱ्या, नागपूरला हायकोर्टाचं बेंच, आणि वर्षातून एक अधिवेशन नागपूरला. ते हिवाळी अधिवेशन म्हणजे आमच्याकडं लोकांना वाटतं संत्री खायची सहल. त्यांच्याकडं ती कराराची वसुली आहे, आणि ते अधिवेशन जेमतेम दोन आठवड्यांत गुंडाळलं की त्यांना राग येतो त्यात नवल काय.

मराठवाडा मात्र तशा अटी न घालता आला, तिथली माणसं हे अजून बोलून दाखवतात, "आम्ही बिनशर्त आलो". १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर तेरा महिन्यांनी. तोपर्यंत कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत, उस्मानिया विद्यापीठच उर्दू माध्यमाचं. मराठी शाळा थोड्या. १९५६ ला मुंबई राज्यात आल्यावर त्यांच्या मराठी पोरांना मुंबई इलाख्यात चार पिढ्या मराठी इंग्रजी शिकलेल्या पोरांशी नोकरीसाठी स्पर्धा करायला लावली, आणि मग मागं राहिले की मागासलेले म्हणून नाव. मराठवाडा विद्यापीठ १९५८ ला निघालं, तोपर्यंत इकडं किती कॉलेजं होऊन गेली होती.

आमचा आणि मराठवाड्याचा खरा संबंध येतो तो ऊसतोडीत. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या ट्रॅक्टरनं येतात, पंचगंगा, भोगावती, दूधगंगेच्या काठाला पालं पडतात. नवराबायको मिळून एक कोयता, मजुरी कोयत्यावर. मुकादमानं आधी उचल दिलेली असते ती फेडेपर्यंत तोडायचं. आमच्या गावात मी लहानपणापासून ऐकलंय, "उचल घेऊन पळून जात्यात, ह्यांचा काय भरवसा न्हाई." आणि एकदा पालाजवळच्या एका बाईंनी मला सांगितलं, ताई तुमच्या गावात पाणी मागितलं तरी दाराबाहेरूनच देतात. दोन्ही ऐकलेलं आहे. पण तोडायला बीडचीच माणसं का, इथली का नाहीत, याचं उत्तर स्वभावात नाही, पावसात आहे. सह्याद्रीच्या पलीकडं जितकं पूर्वेला जाल तितका पाऊस कमी, बीड पाटोदा आष्टी म्हणजे पर्जन्यछायेचा पट्टा, त्यात १९७२ चा दुष्काळ. आमच्याकडं नद्या बारमाही आणि राधानगरीचं धरण, ज्याचं काम शाहू महाराजांनीच सुरू केलं. ज्या उसाच्या पैशावर आम्ही बुलेट घेऊन नाद खुळा म्हणतो तो ऊस तोडणारा हात तिकडचा आहे.

आता "पश्चिम महाराष्ट्र" या नावाबद्दल. जुनी नावं बघा, देश, कोकण, खानदेश, वऱ्हाड. पश्चिम महाराष्ट्र हे त्या मानानं नवं आणि राजकारणातलं नाव, साखर कारखाने आणि सत्ता यांना मिळून दिलेलं. बाहेरून बघणाऱ्याला पुणे ते कोल्हापूर एकच, सगळे साखरसम्राट. गंमत म्हणजे कोल्हापूरचा मुख्यमंत्री आजपर्यंत एकही झालेला नाही. सगळ्यात जास्त काळ सलग मुख्यमंत्री राहिले ते पुसदचे वसंतराव नाईक, १९६३ ते १९७५, विदर्भातलेच. हे सांगितलं की आमच्याकडचे खूष होतात, बघा सत्ता तुमच्याकडंच होती की. पण खुर्चीवर कोण बसलं आणि पैसा कुठं मुरला हे दोन वेगळे हिशोब आहेत. १९८३ ला दांडेकर समिती नेमली, १९८४ ला तिनं ३१८६ कोटींचा अनुशेष, म्हणजे विकासात मागं राहिलेल्या भागांची बाकी, काढला. अनुशेष हा शब्द तेव्हापासून घराघरात. त्यात उर्वरित महाराष्ट्राचा पण अनुशेष होता ते कुणी सांगत नाही, ना ते ना आम्ही. १९९४ ला घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली तीन वैधानिक विकास मंडळं झाली, विदर्भ, मराठवाडा आणि तिसरं उर्वरित महाराष्ट्र. म्हणजे ज्यांना सगळे मलई खाणारे म्हणतात त्यांचं सरकारी नाव उर्वरित, पातेल्यात तळाला राहिलेलं असतं तसं. मंडळांची मुदत एप्रिल २०२० ला संपली.

त्यात कृष्णेचं पाणी आलं. राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) दिलं आणि निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होणार होता, मग त्याच्या आत पाणी अडवून दाखवलं नाही तर हातचं जाईल अशी भीती. १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं, रोखे विकून कर्ज उभं केलं आणि धरणांची कामं झपाट्यानं सुरू. इकडून बघितलं तर कर्नाटक आंध्राशी शर्यत, विदर्भातून बघितलं तर आमचा अनुशेष तसाच ठेवून तुमच्याकडं पैशाचा पूर. दोघांचंही बरोबर आहे असं माझं मत. आणि त्याच कृष्णा खोऱ्यात आटपाडी, जत, माण, खटाव हे तालुके कोरडेच होते की, टेंभू, म्हैसाळ, ताकारीच्या उपसा योजनांची वाट बघत. माणदेशातल्या माणसाला "तुम्ही पश्चिम महाराष्ट्रवाले सुखी" म्हणून बघा, काय ऐकवतोय ते.

एक चांगली गोष्ट, मराठवाड्यात कोल्हापुरी म्हणजे आधी चप्पल किंवा रस्सा नाही, बंधारा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, केटी वेअर. पाऊस संपला की खांबांच्या खाचांत बरगे म्हणजे फळ्या घालायच्या, पाणी अडतं, पावसाळ्याआधी बरगे काढून ठेवायचे. आमच्या नद्यांवर हे जुनं काम, तिथून राज्यभर गेलं. तिकडं बरगे चोरीला जातात आणि बंधारा नुसताच उभा राहतो अशी तक्रार असते, तशी ती इकडंही असतेच.

बरं, आम्ही आपापसात तरी एक आहे का. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, त्यांच्या बोलीवर शहरातले अजून हसतात. आजरा, चंदगड, भुदरगडची माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईला गिरणीत, घर मनीऑर्डरवर, आणि मुंबईत त्यांना नाव घाटी, घाट उतरून आलेले म्हणून. १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा ह्या "श्रीमंत" जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत चूल थंडावली. इचलकरंजीला दूधगंगेचं पाणी द्यायचं म्हटलं की कागल तालुका उठतो, "आमचं पाणी आम्हालाच". विदर्भ मराठवाडा जे आम्हाला म्हणतात ते आम्ही एकमेकांना म्हणतोय, फक्त नदी छोटी. आणि कोल्हापुरी तिखट तिखट म्हणतात ती मिरची संकेश्वरी नाहीतर ब्याडगी, दोन्ही गावं कर्नाटकात. बाहेर मेनूकार्डावर व्हेज कोल्हापुरी म्हणून जे लाल येतं ते आमच्या घरात कुणी करत नाही. नागपूरचं सावजी एकदा खाल्लं आणि तिखटाबद्दल बोलायचं बंद केलं मी.

गोंदियाहून कोल्हापूरला महाराष्ट्र एक्स्प्रेस येते, चोवीस तासांहून जास्त लागतात. नागपूर, अकोला, भुसावळ, मनमाड, नगर, पुणे, सातारा, मिरज. नाव महाराष्ट्र आणि मराठवाड्यातलं एकही स्टेशन नाही, कोकण तर लांबच. आणि कोल्हापूरहून वैभववाडीला, म्हणजे घाट उतरून खाली कोकणात जायला, रेल्वे अजून नाहीच.

शेवटी हायकोर्टाचं खंडपीठ, म्हणजे बेंच. नागपूरला ते कराराप्रमाणे मिळालं, औरंगाबादला १९८१ ला सुरू झालं, आणि कोल्हापूरचे वकील चाळीस वर्षं मागत राहिले. "विदर्भाचं सारखं रडगाणं" म्हणणारे आमचेच लोक ह्या एका विषयात उपोषण, मोर्चे, कामकाज बंद सगळं करून बसलेले, कारण कोल्हापूरच्या माणसाला जमिनीच्या तारखेला मुंबई गाठायची म्हणजे रात्रभर एसटी आणि दिवसभर बाकड्यावर. १७ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, केलं ते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवईंनी, जे अमरावतीचे. सहा जिल्हे त्याच्याखाली: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. पुणे त्यात नाही. पुण्याची पण बेंचची मागणी जुनीच आहे, पण त्यांना अजून मुंबईलाच जावं लागतं, आणि ही गोष्ट इकडं चहाच्या गाड्यावर जरा जास्तच आनंदानं सांगितली जाते. मी पण सांगितली, हॉस्टेलच्या त्या दोघींना, फोन करून.