कर्ब जमा, नायट्रस ऑक्साइड खर्च: शेतीच्या कार्बन हिशोबाची पार्श्वभूमी

कार्बन क्रेडिटवाले (उत्सर्जन कमी केल्याचे किंवा कार्बन साठवल्याचे दाखले विकणारे) हल्ली ऊस पट्ट्यातही फिरतायत. पाचट जाळू नका, नांगरट कमी करा, मातीत कर्ब (म्हणजे कार्बन) साठेल आणि त्याचे पैसे मिळतील असं सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही. फक्त त्याच शेतातून नायट्रस ऑक्साइड, म्हणजे नत्र खतातून निघणारा हवा तापवणारा वायू, किती जातो हा विषय बैठकीत निघत नाही. निघणार कसा, दोन्हींच्या वह्याच पहिल्यापासून वेगळ्या आहेत.

जुनं थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधे रोथमस्टेडला १८४३ पासून गव्हाच्या एकाच शेतात प्रयोग चालू आहे, त्यातल्या एका तुकड्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडतं. तिथला कर्ब सुरुवातीची काही दशकं भराभर वाढला, मग खत तेवढंच पडत राहिलं तरी वाढ अगदी मंदावली. म्हणजे माती कर्ब घेते, पण कायम त्याच वेगाने घेत नाही.

१९९० च्या दशकात देशांनी उत्सर्जनाच्या याद्या करायला घेतल्या तेव्हा खतं, भात आणि जनावरं 'शेती'त गेली, आणि मातीतला कर्ब जंगल व जमीन वापराच्या तक्त्यात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने हा हिशोब कसा करायचा ते ठरवणारी नियमावली केली आहे, तिच्या २००६ च्या आवृत्तीत दोन्ही एका खंडात आले खरे, पण अहवालातले तक्ते वेगळेच राहिले. त्यात उत्सर्जन कमी करायच्या क्योटो करारातून विकसनशील देशांना क्रेडिट विकायची जी सोय झाली तिच्यात झाडं लावणं बसलं, शेतजमिनीतला कर्ब बसला नाही. लहान शेतकऱ्यांवर अन्याय झाला असं काही लोक अजून म्हणतात, मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण आज साठलेला कर्ब उद्या खोल नांगरट केली की परत हवेत जाऊ शकतो आणि हे बघायला गावात कोण येणार.

आता खरी भानगड, ती म्हणजे ३० सेंटिमीटर. मातीचा कर्ब मोजायचा तर किती खोलीपर्यंत? नियमावलीने वरचे ३० सेंटिमीटर धरले, कारण जुने नमुने तेवढेच होते आणि खड्डा खोल गेला की खर्च वाढतो. याच आधारावर विनानांगरणीला भाव आला. शिकागोच्या कार्बन बाजारात २००३ नंतर अमेरिकेतल्या विनानांगरणी शेतकऱ्यांना एकरी ठराविक दराने क्रेडिट मिळायचे, प्रत्येक शेतातली माती न तपासता! २००७ च्या सुमारास काही संशोधकांनी खोल नमुन्यांचे आकडे पुढे ठेवले. नांगर न घातल्याने वरच्या थरात कर्ब जमतो, पण बऱ्याच ठिकाणी खालच्या थरात तो कमी निघतो, बेरीज केली तर फरक उरतोच असं नाही. समर्थकांचं म्हणणं की खालच्या थरातला चढउतार एवढा असतो की त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि यात तथ्य आहे. पण मग ज्याची खात्री नाही त्याचे पैसे का द्यायचे? २०१० मधे तो बाजार गुंडाळला गेला, वाद मात्र चालूच राहिला.

२०१५ ला पॅरिसमधे 'हजारी ४' ची घोषणा झाली तिथेही हाच घोळ. मातीतला कर्ब दरवर्षी ०.४ टक्के वाढवला तर जगाचं जीवाश्म इंधनाचं उत्सर्जन भरून निघेल असं गणित होतं, पण त्यातला मातीचा साठा जवळपास २ मीटर खोलीपर्यंतचा, सुमारे २४०० अब्ज टन, आणि उपाय सगळे वरच्या ३० ते ४० सेंटिमीटरमधले. शिवाय मातीतल्या दर १२ किलो कर्बामागे साधारण १ किलो नत्र अडकतं, ते आणायचं कुठून? युरियाच्या गोणीतून आणलं तर परत नायट्रस ऑक्साइड आलाच.

परत उसाकडे येऊ. खोडव्याला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, सगळं युरियातून दिलं तर ४५ किलोच्या १२ गोण्या. त्यातलं १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन जातं हा ठोकळ हिशोब धरला तर जवळपास ४ किलो वायू, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट हवा तापवतो, म्हणजे वर्षाला १ टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. १ किलो कर्ब म्हणजे सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणून तेवढं भरून काढायला मातीत दरवर्षी हेक्टरी २९० किलोच्या आसपास कर्ब साठायला हवा, तोही अखंड. मातीच्या वजनातलं कर्बाचं प्रमाण ०.१ ने, म्हणजे समजा ०.५ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर गेलं तर ३० सेंटिमीटरमधे सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड बसतो, ऐकायला भारी आहे, पण ही जमा एकदाच होते आणि युरियाचा खर्च दरवर्षीचा, साधारण १३ वर्षांत फिटंफाट.

आताच्या क्रेडिट पद्धतींमधे नायट्रस ऑक्साइड धरतात, नाही असं नाही. पण मोजतात तो आधीच्या तुलनेतला फरक. शेतकऱ्याने पूर्वीइतकाच युरिया टाकला तर वजाबाकी शून्य आणि वाढलेल्या कर्बाचं क्रेडिट मिळतं, त्या १२ गोण्या हिशोबात येतच नाहीत. ऑस्ट्रेलियात कर्ब २५ किंवा १०० वर्षं टिकवायची अट तरी आहे, आपल्याकडे २०२४ च्या सुरुवातीला शेतीतल्या स्वेच्छा कार्बन बाजाराचा आराखडा आला, त्याआधीपासूनच खाजगी करार मात्र सुरू झाले होते.