हरितलवकांचे विघटन

पान जून होऊ लागले की त्याच्या पेशी स्वतःचीच हरितलवके (प्रकाशाच्या मदतीने अन्न बनवणारे पेशीतले हिरवे कण) मोडून त्यांतली उपयुक्त द्रव्ये काढून घेतात. पान पिवळे पडले म्हणजे ते मेले, असा समज असतो. प्रत्यक्षात पेशी या काळात जिवंत असते. मोडतोडीलाही ऊर्जा आणि नवी विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) लागतात, म्हणून केंद्रक व ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका अगदी अखेरपर्यंत टिकतात.

खरा ऐवज प्रथिनांत असतो. गहू, भात यांसारख्या वनस्पतींच्या पानातील सुमारे ७० ते ८० टक्के नायट्रोजन हरितलवकांत असतो आणि त्यातला मोठा वाटा हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या एकाच विकराचा. काही प्रथिने लवकातच चिरली जातात. काहींचे पुटकुळ्यांसारखे तुकडे लवकापासून सुटतात आणि स्वभक्षणाच्या, म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पचवण्याच्या, यंत्रणेमार्फत रिक्तिकेत (पेशीतल्या द्रवाच्या पिशवीत) जाऊन पचतात. लवके आधी आक्रसतात, मग संख्येने घटतात. कधी अख्खे लवकच रिक्तिकेत ओढले जाते. सुटलेली अमिनो आम्ले परिकाष्ठातून (अन्नरस वाहणाऱ्या ऊतीतून) बियांकडे आणि कोवळ्या पानांकडे जातात.

पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या रेणूत नायट्रोजनचे चारच अणू, आणि तेही परत घेतले जात नाहीत. तरी ते मोडावे लागते, कारण प्रथिनांपासून सुटे झालेले हरितद्रव्य प्रकाश शोषून पेशीलाच जाळते. आधी त्यातले मॅग्नेशियम निघते, मग रेणूची लांब शेपटी तुटते, मग नायट्रोजनचे अणू ज्यात असतात ते वलय उघडते आणि हिरवा रंग जातो. उरलेली रंगहीन द्रव्ये रिक्तिकेत साठवली जातात. अशा एका द्रव्याची रचना १९९१ मध्ये प्रथम बार्लीच्या पानांतून उलगडली. वलय उघडणारे विकर नसलेल्या मक्याच्या पानांवर उजेडात मृत पेशींचे डाग पडतात.

मेंडेलचा हिरव्या दाण्यांचा वाटाणा हरितद्रव्य मोडण्याच्या याच वाटेवर अडलेला होता. त्यामागचे जनुक २००७ मध्ये ओळखले गेले. मॅग्नेशियम काढण्याचे काम त्याच्याच प्रथिनाचे. त्या जनुकात बिघाड असलेली पाने हिरवी राहतात, पण त्यांतला रुबिस्को तरीही संपतो. म्हणजे हिरवेपणा नुसता दिखाऊ.

पिवळ्या पानातील लवकाला जेरोंटोप्लास्ट म्हणतात. त्याची पटले (हरितद्रव्य धारण करणारे आतले पडदे) विरतात, मेदाचे थेंब फुगतात, कॅरोटिनॉइडे ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये काही काळ उरतात. तरी परतीची वाट लगेच बंद होत नाही: तंबाखूच्या एका जातीत तळच्या पिवळ्या पानाच्या वरचे खोड छाटले, तर तीच लवके पुन्हा पटले उभारतात आणि पान हिरवे होते.