पडद्यावरची फूटपट्टी: अंतराळयानांच्या मापांचा वाद कुठून आला

'स्टार वॉर्स'मधलं डार्थ व्हेडरचं 'एक्झिक्युटर' हे यान किती लांब आहे? या एका प्रश्नावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं हुज्जत घातली आणि त्या काळात अधिकृत उत्तरही बदलत गेलं. ऐंशीच्या दशकात निघालेल्या रोल-प्लेइंग गेमच्या पुस्तकाने लांबी 8 किलोमीटर सांगितली. पुढे ती 12.8 झाली, मग साडेसतराच्या आसपास गेली आणि आज 19 किलोमीटर हा आकडा मान्य आहे. या साऱ्या काळात मॉडेल तेच होतं आणि 1980 च्या चित्रपटातली त्याची दृश्यंही तीच होती. यान जागच्या जागी राहून दुपटीहून मोठं झालं.

बाहेरच्या माणसाला हा रिकामपणाचा उद्योग वाटेल, आणि थोडा तो आहेही. पण वादाला कारण खरं आहे. चित्रपटातलं यान कधी एका जागी, एका हाताने घडलेलं नसतं. बाहेरून दिसतं ते मॉडेल कुणी एकाने बनवलेलं असतं, आतले सेट दुसऱ्याने उभारलेले असतात, संवादातला आकडा तिसऱ्याने लिहिलेला असतो आणि माहितीपुस्तकातलं माप चौथ्याने, बरेचदा चित्रपट येऊन गेल्यावर ठरवलेलं असतं. चाहते हे चारही तुकडे समोर घेऊन बसतात आणि यान एकच असायला हवं असा हट्ट धरतात.

सुरुवातीच्या काळात असा हट्ट धरायला कुणाच्या हातात काही नव्हतंच. जॉर्ज मेलिएसच्या 1902 च्या चित्रपटात माणसं तोफेतून उडवलेल्या गोळ्यात बसून चंद्रावर जातात. ती तोफ आली ज्यूल व्हर्नच्या 1865 च्या कादंबरीतून. मेलिएसच्या चित्रपटात गंमत होती, माप नव्हतं. 1929 साली फ्रिट्झ लांगने 'फ्राऊ इम मोंड' काढला तेव्हा हर्मन ओबर्थ हा रॉकेटशास्त्रज्ञ सल्लागार होता. टप्प्याटप्प्याने सुटणारं रॉकेट आणि उड्डाणाआधीची उलटी मोजणी प्रेक्षकांनी त्यात पाहिली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचं व्ही-2 हे रॉकेट आलं आणि पुढची काही वर्षं पडद्यावरच्या यानांना तोच साचा मिळाला: निमुळतं टोक, फुगीर पोट, खाली कल्ले. 1950 च्या 'डेस्टिनेशन मून'मधलं रुपेरी रॉकेट याच घराण्यातलं. त्यातलं चंद्राचं दृश्य चेस्ली बोनस्टेल या चित्रकाराच्या हातचं होतं.

तबकड्यांचा उगम वेगळा. जून 1947 मध्ये केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने अमेरिकेतल्या माउंट रेनियरजवळ वेगाने जाणाऱ्या चकचकीत वस्तू पाहिल्याचं सांगितलं, वर्तमानपत्रांनी त्यांना 'उडत्या तबकड्या' केलं आणि चार वर्षांत ती तबकडी 'द डे द अर्थ स्टूड स्टिल'मधून थेट वॉशिंग्टनमध्ये उतरली. 1956 च्या 'फॉरबिडन प्लॅनेट'मध्ये तर माणसंच तबकडीतून फिरायला लागली. रॉकेट बरं की तबकडी, एवढाच काय तो तेव्हाचा आवडीनिवडीचा प्रश्न. यानाखाली शिडी लावलेली असायची, माणूस तिच्यावरून उतरायचा, आणि त्यावरून जो अंदाज येईल तो येईल.

मापांचा वाद खऱ्या अर्थाने सुरू झाला तो 1966 मध्ये, टीव्हीवरच्या 'स्टार ट्रेक'पासून. चित्रपटांच्या गोष्टीत टीव्ही मध्येच कुठून आला, असं वाटेल. पण दर आठवड्याला तेच यान पुन्हापुन्हा दिसायला लागलं तेव्हाच लोक खिडक्या मोजू लागले. 'एंटरप्राइज'चा रेखाटनकार मॅट जेफरीज हा युद्धात बी-17 बॉम्बर विमानांवर काम केलेला माणूस. त्याने रॉकेट आणि सुटी तबकडी, दोन्ही टाळलं. पुढे एक बशी, मागे नळकांडं आणि दोन लांब इंजिनं अशी जुळणी केली. दुरुस्ती आतून करता यावी म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत ठेवावा, हा त्याचा विचार. चित्रीकरणाचं मोठं मॉडेल 11 फुटांहून थोडं जास्त लांब होतं. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. गोष्टीतलं यान मात्र 947 फूट, म्हणजे सुमारे 289 मीटर. पहिल्या चाचणी भागात त्यावर 203 माणसं होती, मालिकेत ती 430 झाली.

आता गोम पाहा. यानाच्या माथ्यावर ब्रिजचा, म्हणजे यान चालवण्याच्या कक्षाचा, घुमट आहे आणि त्याच्या पाठीला, बरोबर मध्यरेषेवर, एक छोटा उंचवटा आहे. तो लिफ्टचा, असं सगळे धरून चालतात. पण सेटवर लिफ्टचं दार कॅप्टनच्या बरोबर पाठीमागे नाही, डाव्या हाताला सरकलेलं आहे. दोन्ही खरं मानलं तर कॅप्टन कर्क आयुष्यभर यानाच्या नाकाकडे तोंड न करता तिरका बसून विश्वात फिरला. 1975 मध्ये फ्रान्झ जोसेफ या विमान उद्योगातल्या माणसाने एंटरप्राइजचे मजल्यामजल्याचे नकाशे प्रसिद्ध केले तेव्हा त्याने हा तिढा सरळ पत्करला: ब्रिज 36 अंशांनी फिरवून काढला. काही चाहत्यांना हे तर्कशुद्ध वाटलं, काहींना भयंकर. अजूनही ते दोन पक्ष आहेत.

त्याच मालिकेतल्या 'गॅलिलिओ' या छोट्या यानाचंही तसंच. बाहेरून दाखवायला लाकूड-पत्र्याचा जो सांगाडा केला होता तो सुमारे 22 फूट लांब. त्याच्या दारातून नट वाकून आत शिरत आणि पुढच्या दृश्यात आतल्या सेटवर ताठ उभे राहत. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागायची, तेव्हा त्या छोट्या पडद्यावर हे कुणाच्या डोळ्यांत खुपलं असेल असं वाटत नाही.

जोसेफच्या नकाशांनी आणि त्याच वर्षीच्या त्याच्या 'टेक्निकल मॅन्युअल'ने एक गोष्ट कायमची बदलली. ही पुस्तकं प्रचंड खपली. काल्पनिक यानाचे अभियांत्रिकी आराखडे विकत मिळू शकतात हे निर्मात्यांना कळलं, आणि छापील आकडा पडद्याविरुद्ध उभा करता येतो हे चाहत्यांना.

तिकडे चित्रपटांत शैलीची वेगळीच उलथापालथ चालू होती. '2001: अ स्पेस ओडिसी'साठी (1968) स्टॅन्ली कुब्रिकने नासात काम केलेले फ्रेडरिक ऑर्डवे आणि हॅरी लँग यांना घेतलं. 'डिस्कव्हरी' यानाचं मोठं मॉडेल तब्बल 54 फुटांचं होतं. अणुइंजिनाची उष्णता बाहेर टाकायला अशा यानाला मोठे रेडिएटर लागतात. सुरुवातीच्या रेखाटनांत ते होतेही, पण पुढे काढून टाकले, कारण प्रेक्षकांना ते पंख वाटले असते आणि अवकाशात पंख कशाला, असं लोक विचारत बसले असते. शास्त्रीय अचूकतेसाठी नावाजलेल्या चित्रपटाने अचूक वस्तू काढून टाकली, ती चूक वाटेल या भीतीने! नऊ वर्षांनी 'स्टार वॉर्स'मधली 'एक्स-विंग' ही लढाऊ यानं आली ती चार-चार पंख पसरून, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

1977 च्या 'स्टार वॉर्स'चं पहिलंच दृश्य चित्रपटांपुरतं आकाराच्या वादाचं मूळपीठ म्हणावं लागेल. छोटं यान पळतंय आणि त्यामागून डोक्यावरून स्टार डिस्ट्रॉयर येतो, येतो आणि येतच राहतो. गोष्टीत तो 1,600 मीटर लांब. मॉडेल होतं जेमतेम तीन फुटांचं. विनोद असा की ज्या 'छोट्या' यानाचा तो पाठलाग करतो त्याचं मॉडेल सहा फुटांचं, म्हणजे दुप्पट मोठं. ते मुळात मिलेनियम फाल्कन या नायकांच्या यानासाठी बनवलं होतं. 'स्पेस: 1999' या मालिकेतल्या यानाशी त्याचं साम्य दिसल्यावर त्याची भूमिका बदलली आणि जो जॉन्स्टनने नवा, थाळीसारखा फाल्कन काढला.

तीन फुटांत दीड किलोमीटर भरला कसा? एक युक्ती कॅमेऱ्याची: मॉडेल स्थिर, आणि संगणकाने नियंत्रित कॅमेरा त्याच्या पोटाखालून अगदी खेटून सरकतो. दुसरी युक्ती पृष्ठभागाची. बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या, विमानांच्या, जहाजांच्या प्लॅस्टिक किटमधले शेकडो सुटे भाग चिकटवायचे. या बारीकसारीक जोडकामाला मॉडेलवाले 'ग्रीबल' म्हणायला लागले. त्यातल्या एकाही भागाला काम नसतं. पण डोळ्याला ते पाइप, झडपा, झाकणं वाटतात, आणि इतक्या बारीक झडपा असलेली वस्तू अवाढव्यच असणार अशी खात्री पटते. जेफरीजचा गुळगुळीत पत्रा एका रात्रीत जुना वाटायला लागला.

आकार दाखवायची मला सगळ्यात आवडणारी क्लृप्ती मात्र 1979 च्या 'एलियन'मधली. यानाचा उतरण्याचा पाय प्रचंड दिसायला हवा होता आणि सेट काही तेवढा मोठा नव्हता. रिडली स्कॉटने लहान मापाचे अंतराळपोशाख शिवून घेतले आणि त्यांत मुलं उभी केली, त्यात त्याची स्वतःची दोन. पोरं लहान, म्हणून पाय मोठा. आता या दृश्यावरून 'नोस्ट्रोमो'चं माप काढायला बसलेल्या चाहत्याने उंची कुणाची धरायची?

फाल्कनची कथा याहून गुंतागुंतीची. 1979 मध्ये वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉक इथे, सागरी विमानांसाठी बांधलेल्या जुन्या हँगरमध्ये त्याचा पूर्ण आकाराचा बाह्य सांगाडा उभारला गेला, वजन वीस टनांहून अधिक. तरीही आतली बैठकीची जागा, गोल वळणारी मार्गिका आणि कॉकपिट हे सेट त्या सांगाड्यात बसत नाहीत. बरीच वर्षं पुस्तकांत यानाची लांबी 27 मीटरच्या आत असायची. चाहत्यांनी आतल्या खोल्या जोडून नकाशे काढले, खोल्या बाहेर डोकावायला लागल्या, आणि आजची अधिकृत लांबी 34 मीटरच्या पुढे आहे. म्हणजे पोट भरल्यावर पट्टा सैल केला.

एक्झिक्युटरच्या बाबतीत किल्ली सापडली ती मनोऱ्यात. साध्या स्टार डिस्ट्रॉयरवर ब्रिजचा जो मनोरा आहे, तसाच मनोरा एक्झिक्युटरवरही आहे. दोन्ही मनोरे एकाच मापाचे धरले तर मोठं यान लहानाच्या सुमारे अकरापट भरतं, आणि 1,600 गुणिले 11 म्हणजे 17,600 मीटर. मग 8 किलोमीटर आले कुठून? गेमच्या पुस्तकात ते लहान यानाच्या पाचपट धरलं होतं, आणि नंतरचे लेखक तेच उतरवत गेले. कर्टिस सॅक्स्टन या खगोलभौतिकीच्या अभ्यासकाने नव्वदच्या दशकात अशी मोजणी करून ती चूक चव्हाट्यावर मांडली. त्याने दुसऱ्या डेथ स्टारचं, म्हणजे त्या गोलाकार अवकाशतळाचंही गणित केलं: छापील व्यास 160 किलोमीटर, त्याचं उत्तर 900. 2002 मध्ये त्याच मालिकेचं एक अधिकृत माहितीपुस्तक लिहायचं काम त्याच्याकडे आलं. टीकाकाराला दरबारात बसवलं म्हणायचं. पडद्याला प्रमाण मानणारे खूश झाले. पुस्तकाला प्रमाण मानणारे आणि 'अरे, गोष्ट आहे ती' म्हणणारे, दोघेही चिडले.

माझा कौल मोजणाऱ्यांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: मॉडेल प्रत्येक वेळी त्याच मापाचं दाखवलंय याची आधी खात्री हवी. 'स्टार ट्रेक'मधलं क्लिंगॉन या परग्रहवासीयांचं 'बर्ड ऑफ प्रे' हे यान तिथेच तर दगा देतं. 1984 च्या चित्रपटात ते बाराएक माणसांचं छोटं यान होतं. 1986 मध्ये त्याच्या पोटात दोन देवमासे पाण्यासकट मावले. पुढे टीव्ही मालिकेत खर्च वाचवायला तेच मॉडेल प्रचंड युद्धनौका म्हणून उभं केलं. नंतर दोन वेगळे वर्ग आहेत असं सांगून सारवासारव झाली.

शैलीवरचा मोठा वाद 1999 साली पेटला. जुन्या 'स्टार वॉर्स' चित्रपटांत खरचटलेली, तेलकट, डागडुजी केलेली यानं होती आणि लोकांना त्यांचाच लळा लागला होता. नव्या चित्रपटात, गोष्टीच्या आधीच्या काळात, आरशासारखं चकाकणारं, नाबू ग्रहाच्या राणीचं यान आलं. आधीच्या काळातलं यान नंतरच्यापेक्षा नवं कसं दिसतं, हा आक्षेप. यानांचा रचनाकार डग चियांग याच्या चमूचं उत्तर होतं की तो हस्तकौशल्याचा, सुबत्तेचा काळ होता, कारखानदारी युद्धामुळे नंतर आली. उत्तर पटण्यासारखं आहे. पण धूळ आवडणाऱ्याला चकाकी पटवून देता येत नाही.

नुसतं मोठं करत जाण्याचा मार्गही अनेकांनी धरला. 'इंडिपेन्डन्स डे'मधलं मुख्य यान 1996 मध्ये 550 किलोमीटरचं होतं. 2016 च्या पुढच्या भागात 3,000 मैलांचं आलं आणि एका महासागरावर टेकलं. त्यावर कुणी फारसं भांडलं नाही. खिडकी, दार, शिडी, माणूस यांपैकी काही शेजारी नसेल तर भांडणार कशावर?

संगणकावर यानं बनायला लागल्यावर हे सगळं मिटेल अशी अपेक्षा होती, कारण आता एकच डिजिटल मॉडेल आणि त्याला नेमकं माप. 2009 च्या 'स्टार ट्रेक'ने ती फोल ठरवली. नवी एंटरप्राइज सुरुवातीला साधारण 366 मीटरची कल्पिली होती. आतला शटल-तळ, म्हणजे छोटी यानं ठेवायची जागा, पडद्यावर भव्य दिसावा म्हणून काम चालू असताना यान मोठं केलं गेलं आणि अखेर 725 मीटर हा आकडा बाहेर आला. आधीच्या लहान मापाची घडण मात्र तशीच राहिली: खिडक्यांच्या रांगा, बशीची कडा, हवाबंद दारं. कडेवरच्या खिडक्यांवरून मजले मोजणारे अजूनही 366 च्या आसपास येतात, आणि शटलच्या रांगा मोजणारे 700 च्या पुढे जातात. पुराव्यादाखल दोघेही एकाच चित्रपटातली दृश्यं थांबवून दाखवतात. इंजिनकक्ष कुठल्या मजल्यावर बसवायचा यावर तर तिसराच पक्ष आहे, कारण तो चित्रित झाला कॅलिफोर्नियातल्या बडवायझरच्या बिअर कारखान्यात, आणि तिथल्या टाक्या दोन्ही मापांत नीट बसत नाहीत.